पुराची भीती आणि ध्यान शिबिर : काय करावे, काय टाळावे?

खाडीकाठ
वाशिष्ठीच्या काठावरच्या आमच्या वाडीत मंडळ आणि महिला बचत गट मिळून मे महिन्यात तीन दिवसांचे ध्यान शिबिर घ्यायचे घाटते आहे. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात अडकलेली बरीच माणसे अजून सावरलेली नाहीत. मृग लागले आणि पत्र्यावर पाऊस वाजू लागला की त्यांची झोप उडते. कोणी रात्रभर नदीचे पाणी बघायला उठते, कोणी पावसाळाभर मुंबईला लेकीकडे जाऊन राहते. शिबिराची रूपरेषा अशी आहे: रोज दोन तास डोळे मिटून श्वासावर लक्ष, आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने पुराचा अनुभव सगळ्यांसमोर सांगून मन मोकळे करायचे. हे योग्य आहे का? काय बदलावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

अबोली
उपक्रम छान आहे. ध्यानाने मन शांत होते यात वाद नाही. शुभेच्छा!

रातांबा
खाडीकाठ, तळमळ पोचली, पण तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आधी रद्द करा.

आपत्तीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत अनुभव वदवून घ्यायची पद्धत पूर्वी बऱ्याच ठिकाणी वापरत. तपासण्यांत दिसले ते असे की तिने पुढचा आजार टळत नाही आणि काहींचा त्रास उलट वाढतो. कारण सरळ आहे. आठवण उघडली जाते, ती निवायला वेळ मिळत नाही, तेवढ्यात शेजारच्याची आठवण कानावर पडते. जिचे माणूस वाहून गेले तिच्यापुढे दुसरी बाई आपल्या वाहून गेलेल्या फ्रीजबद्दल बोलते, आणि दोघी अवघडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत तीन कामे सांगितली आहेत: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. कोणालाही बोलायला भाग पाडू नका, हे तिथे बजावलेले आहे. ज्याला बोलावेसे वाटते त्याने आपल्या विश्वासाच्या माणसाशी, आपल्या गतीने बोलावे.

दुसरी अडचण श्वासाची. ज्याच्या नाकातोंडात पाणी गेले, त्याची भीती श्वासातच बसलेली असते. डोळे मिटून श्वासाकडे बघायला सांगितले की तो थेट त्या पाण्यात जाऊन पडतो. छाती आवळते, घाम सुटतो, आणि चारचौघांत उठून जायची लाज वाटते म्हणून तो तसाच बसून राहतो. मग घरी जाऊन ‘मला ध्यानसुद्धा जमत नाही’ ही आणखी एक खंत मागे लागते.

कातळसडा
रातांबा, पूर्ण सहमत नाही. इगतपुरीला धम्मगिरी विपश्यना केंद्रात हजारो माणसे दहा दिवस श्वासच बघतात. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघणे असते. दुःखाकडे समतेने बघायला शिकल्याशिवाय ते जात नाही. डोळे उघडे ठेवून, अंगाला जपत जपत केलेल्या ध्यानाने काय साधणार?

रातांबा
कातळसडा, विपश्यनेबद्दल आक्षेप नाही. पण तिथल्या प्रवेश अर्जातच मानसिक आजाराची आणि औषधांची माहिती विचारतात, आणि गंभीर मानसिक त्रास असलेल्यांसाठी हे शिबिर नाही असे ते स्वतःच सांगतात. दहा दिवस मौन, रोज जवळपास दहा तास बैठक, सोबत ओळखीचे कोणी नाही. घट्ट मनाच्या माणसालाही हे जड जाते. दर पावसात ज्याचे शरीर धोक्याच्या घंटेवर उभे असते, त्याला समतेने बघायला सांगण्याआधी बघण्याइतकी स्थिरता यावी लागते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला सुरू केलेला सजगतेचा अभ्यासक्रमसुद्धा आठ आठवड्यांचा आहे. आठवड्यातून एक वर्ग आणि रोज घरी सराव. तीन दिवसांत उरकायचे हे काम नाही.

दशावतारी
वायच थांबान विचार करूक व्हयो, ह्या अगदी खरा.

सुरंगी
ध्यान टाकून द्यायची गरज नाही, त्याचा साचा बदलावा लागेल.

डोळे उघडे, नजर चार हात पुढे जमिनीवर. मांडी घालायची सक्ती नको. खुर्ची, बाक, पडवीची पायरी, काहीही चालेल. पाठीमागे भिंत असावी आणि दार दिसत असावे. पहिल्या दिवशी दोन ते तीन मिनिटे, त्याहून जास्त नाही. लक्ष ठेवायला श्वासाऐवजी तीन पर्याय द्या: तळपायाला लागणारी लादी, हातात धरलेली वस्तू, किंवा बाहेरचे आवाज. ज्याला जे निवते ते त्याने घ्यावे. बाहेरच्या आवाजात पाण्याची मोटार किंवा पागोळी असेल तर तो पर्याय त्या माणसाला नको.

‘पाच-चार-तीन-दोन-एक’ हा सराव सगळ्यांना सहज जमतो. दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. नावे मोठ्याने घ्यायची. नुसते ‘झाड’ म्हणून भागत नाही, ‘तिसऱ्या फांदीला वाळकं पान असलेला फणस’ असे तपशिलात जायचे; तपशील शोधताना मन आजच्या दिवसात येते. वासासाठी लिंबाची फोड किंवा सोनचाफा ठेवा. बऱ्याच माहितीपत्रकांत तोंडावर गार पाणी मारायला सांगतात, ते पूरग्रस्तांसाठी सरसकट वापरू नका. ओल्या मातीचा आणि रॉकेलचा वास तर खोलीतसुद्धा नको. पुराचा चिखल काढताना नाकात बसलेला वास चटकन सगळे परत आणतो.

श्वासाचा व्यायाम द्यायचाच तर तो ध्यान म्हणून नको, नुसता व्यायाम म्हणून द्या. नाकाने चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटे पुरे. लोक ‘खोल’ श्वास म्हटले की छाती भरभरून घेतात, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठ आणि बोटे मुंग्या आल्यासारखी होतात आणि माणूस आणखी घाबरतो. तसे झाले तर श्वास लहान करायला सांगा. भस्त्रिका आणि कपालभाती या गटाला नकोच. भ्रामरी चालते, कारण गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. फक्त कान-डोळे झाकायचा आग्रह धरू नका.

अबोली
सुरंगीताई, इतके बारकावे असतील असे वाटले नव्हते. चहाचे काय? आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की चार वेळा चहा होतो.

सुरंगी
चहा बंद केला तर कोकणात शिबिराला कोण येईल? :) चार वाजेपर्यंत हवा तेवढा द्या, नंतर कोकम सरबत. झोपेचा प्रश्न असलेल्यांना संध्याकाळचा चहा खरोखर बाधतो.

केवडा
हे सगळे स्थिर होण्यापुरते झाले. इतकी वर्षे लोटल्यावरही दर पावसात झोप उडत असेल, माणूस गाव सोडून जात असेल, तर त्यावर नेमके उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. आपत्तीनंतर बहुतेकांची लक्षणे पहिल्या काही महिन्यांत आपसूक ओसरतात. ज्यांची ओसरली नाहीत त्यांची पुढे नुसत्या धीराने ओसरतील असे धरून चालू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत दोन उपचार सुचवले: आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार आणि ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर करायचा उपचार. पहिल्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एडना फोआ यांच्या पद्धतीत आठ ते पंधरा सत्रे, बहुधा दीड तासाची. आठवण वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगायची आणि टाळलेल्या जागी हळूहळू जायचे. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत साधारण बारा सत्रे, आणि भर अडकलेल्या विचारांवर. ‘मी आधी उठवले असते तर आई वाचली असती’ हा तसा विचार. तो खोटा आहे असे समुपदेशक सांगत नाही. त्या वेळी काय माहीत होते, पाणी किती वेगाने चढले, हातात किती मिनिटे होती, हे प्रश्न तो विचारत जातो आणि माणूस स्वतः उत्तरापर्यंत येतो.

ईएमडीआर फ्रान्सिन शॅपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. तिचे आठ टप्पे आहेत. आठवणीतले सर्वांत बोचरे चित्र, त्याला चिकटलेला स्वतःबद्दलचा विचार आणि अंगात ते कुठे जाणवते हे ठरवून त्रासाला शून्य ते दहा आकडा द्यायचा. मग समुपदेशकाच्या बोटांमागे डोळे डावीकडे-उजवीकडे, वीस-तीस फेऱ्या, थांबा, काय आले ते दोन शब्दांत सांगा, पुन्हा फेऱ्या. आकडा शून्याकडे आला की चांगला विचार पक्का करायचा. पहिले दोन टप्पे इतिहास आणि तयारीचे आहेत. ते गाळून थेट फेऱ्या सुरू केल्या तर आठवण उघडते आणि मिटत नाही. त्यामुळे व्हिडिओ बघून घरी एकट्याने कठीण आठवण काढू नये.

दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून आळीपाळीने खांद्याजवळ हलके थोपटायची ‘फुलपाखरू मिठी’ मेक्सिकोत अकापुल्कोला पॉलीन चक्रीवादळानंतर लुसिना आर्तिगास यांनी वापरात आणली. वादळग्रस्त मुलांसाठीच ती निघाली. एरवीच्या बेचैनीत मिनिटभर थोपटायला हरकत नाही.

गलबत
गोळ्यांबद्दलही कोणीतरी लिहायला हवे. पूर किंवा वादळ झाले की झोपेची गोळी लिहून घ्यायची आणि मग ती वर्षानुवर्षे चालू ठेवायची, हे सर्रास चालते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या वर्गातल्या गोळ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात अशा त्रासासाठी देऊ नयेत असे तीच २०१३ ची मार्गदर्शिका सांगते. त्यांची सवय लागते, आणि भीतीला सामोरे जाताना घेतल्या तर ‘गोळीमुळे वाचलो’ एवढेच मन शिकते. पण कोणी आधीपासून घेत असेल तर शिबिरात ऐकून एकदम बंद करू नका. अचानक तोडल्यास फिट येऊ शकते, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. सर्ट्रालीनसारखी औषधे वेगळी. त्यांचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात आणि ती सवय लावत नाहीत. दारूने झोप लागते खरी, पण पहाटे मोडते आणि स्वप्ने वाढतात.

शिडाचं तारू
केवडा यांनी म्हटलेले ‘टाळलेल्या जागी हळूहळू जायचे’ पायरीपायरीने करायचे, म्हणजे शिडी. पावसाच्या भीतीची शिडी कशी लावतात ते लिहितो. भीती मोजायला शून्य ते शंभर मोजपट्टी. सर्वांत खालची पायरी वीस-तीसची असावी: भर दुपारी पडवीत बसून मोबाइलवर पत्र्यावरच्या पावसाचा आवाज, बारीक. मग आवाज मोठा. मग तोच संध्याकाळी, वीज घालवून. मग वाशिष्ठीच्या पुलावर उभे राहून कोरड्या दिवसात पाणी बघणे. पूर शिरलेल्या तळमजल्याच्या खोलीत दुपारची अर्धा तास झोप. जूनमध्ये पहिल्या साध्या सरीत ओसरीवर बसणे. सर्वांत वर, साध्या पावसाच्या रात्री आपल्या अंथरुणात झोपणे.

प्रत्येक पायरीवर तीस-चाळीस मिनिटे थांबायचे, आकडा निम्म्यावर येईपर्यंत. आठवड्यातून चार-पाच वेळा. फसते ते इथे: भीती टोकाला असताना उठून गेले तर ‘पळालो म्हणून वाचलो’ हाच धडा बसतो. घरचे माणूस सतत हात धरून बसले तरी तेच. पंधरा दिवसांतून एकदा केले तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. आणि घरच्यांनी उत्साहाने थेट वरच्या पायरीवर ढकलले तर पुन्हा कोणी शिडीला हात लावत नाही. आठवण वर्तमानकाळात सांगायचा भाग मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय करू नये.

केवडा
आकडा निम्मा झालाच पाहिजे असे नाही. अलीकडे भर असतो तो भाकीत खोटे ठरण्यावर. आधी लिहायचे, ‘सर आली की अर्ध्या तासात पाणी उंबऱ्याला लागेल’. नंतर बघायचे, लागले का. आकडा साठवरच राहिला तरी ती बैठक वाया गेलेली नसते.

उधाण
थांबा. विंचवाची भीती आणि चिपळूणच्या पुराची भीती एका तागडीत तोलू नका. इथे पाणी खरेच येते. वर घाटमाथ्यावर मुसळधार, खाली अमावस्या-पौर्णिमेची उधाणाची भरती, म्हणजे नदीचे पाणी खाडीत उतरत नाही आणि बाजारपेठेत शिरते. ‘लागले का’ याचे उत्तर एखाद्या वर्षी ‘हो’ येईल. मग तुमची शिडी कोणत्या भिंतीला लावणार?

शिडाचं तारू
उधाण, हा आक्षेप अगदी रास्त आहे. शिडी साध्या पावसापुरती आहे. रेड अलर्टच्या दिवशी सराव नाही, त्या दिवशी उंचावर जायचे. मनाला पाऊस आणि पूर यांतला फरक पुन्हा शिकवायचा, एवढेच काम.

उधाण
मग तयारी हा उपचाराचाच भाग धरा. भीतीपोटी केलेली धडपड आणि तयारी यांत फरक हा की तयारी एकदा करून संपते. कागदपत्रे, औषधे आणि टॉर्च एका जलरोधक पिशवीत, मे अखेरीस. वरच्या मजल्यावरचे कोणाचे घर, आजीला कोण उचलणार, गुरे कोण सोडणार, हे नावानिशी ठरलेले. विजेच्या खांबावर रंगाची खूण: पाणी इथे आले की निघायचे, चर्चा नाही. हवामान खात्याचा अंदाज आणि भरतीचे वेळापत्रक सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. व्हॉट्सअॅपवरचे जुने व्हिडिओ बघत बसायचे नाही.

आणि सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे रात्रीची पाळी. इशाऱ्याच्या रात्री वाडीतले दोघे जागतील, बाकीचे झोपतील. आज प्रत्येक घरात एकेक जण रात्रभर बॅटरी घेऊन उठतो, कारण दुसरा कोणी बघतोय याची खात्री नाही. खात्री दिली की झोप येते.

रातांबा
पाळीचा मुद्दा फार मोलाचा. शिबिराचा एक अख्खा दिवस यालाच द्यावा असे वाटते.

दर्याकिनारी
थोडे विषयांतर. मासेमारी वस्त्यांत वेगळाच त्रास असतो: होडी बुडाली आणि देह मिळाला नाही. हे शोकही नव्हे आणि आशाही नव्हे. पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून या संदिग्ध वियोगावर काम केले. अशा घराला ‘आता स्वीकार करा’ म्हणू नये. ‘तो गेला असेल, आणि येईलही’ ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी मनात असू द्यावीत आणि रोजची कामे त्यासोबत सुरू करावीत. पालाशविधी (देह नसताना पळसाच्या पानांची प्रतिमा करून अंत्यसंस्कार) करायचा की नाही, कधी करायचा, बांगड्यांचे काय, हे त्या बाईने ठरवावे, भावकीने नव्हे. कायद्याने मृत्यू गृहीत धरायला साधारणपणे सात वर्षे लागतात, तोवर बँक आणि होडीचे कागद अडतात. तिथे सोबत जाणारा माणूस दहा प्रवचनांपेक्षा उपयोगी.

दशावतारी
देवळात गाऱ्हाणे घालतात, कौल लावतात. त्याला विरोध करायचा का?

दर्याकिनारी
अजिबात नको. गाऱ्हाण्यात सगळा गाव एका माणसासाठी उभा राहतो, त्याची ताकद आहे. दोन्ही सोबत चालू द्या. औषध बंद करा म्हणणारा, मारहाण किंवा चटके देणारा कोणी असेल तर मात्र गय नाही. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

सुरंगी
खाडीकाठ, मुलांचे विसरू नका. लहान मूल भीती शब्दांत सांगत नाही. अंथरूण ओले होते, पोट दुखते, तोच ‘बुडण्याचा’ खेळ पुन्हा पुन्हा खेळते. खेळात शेवटी कोणी वाचत असेल तर खेळू द्या. दर वेळी सगळे बुडतात आणि मूल आणखी ताठरते, तर मदत घ्या. मुलांच्या उपचारात आईबापांची सत्रे बरोबरीने होतात. चित्र काढायला द्या, पण ‘पुराचे चित्र काढ’ म्हणून नको.

कातळसडा
वरचे सगळे वाचून शिबिराबद्दलचे मत बदलले. पण अनुभव सांगायचाच नाही का? गप्प बसून आत कुजण्यापेक्षा?

केवडा
सांगायचा, पण कालक्रमाने आणि एकाला एकच. शाउअर, नॉयनर आणि एल्बर्ट यांनी घडवलेली कथनपद्धत आपल्याकडे बसण्याजोगी आहे. जमिनीवर एक दोरी पसरायची, सुंभाची चालेल. एक टोक म्हणजे जन्म. दुसऱ्या टोकाला दोरीचे वेटोळे तसेच ठेवायचे, ते पुढचे आयुष्य. आनंदाच्या घटनेला फूल, आघाताला गोटा. माणूस स्वतः ठेवतो: शाळेचे फूल, लग्नाचे फूल, पुराचा गोटा, कधी त्याच्या आधीचा दुसराच मोठा गोटा, ज्याबद्दल कोणाला पत्ताही नसतो. पहिल्या बैठकीत गोट्याला फक्त नाव आणि वर्ष, तपशील नाही. पुढच्या दीड-दीड तासाच्या बैठकांत एकेक गोटा सविस्तर: काय दिसले, काय वाटले, अंगात काय झाले, आणि तेव्हाचे काय व आत्ताचे काय हे वेगळे करत. समुपदेशक लिहितो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो, दुरुस्त करतो. शेवटी आयुष्याची अख्खी लिखित कथा त्या माणसाच्या हाती. युगांडातल्या निर्वासितांच्या वस्तीत प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक लोकांनीही हे काम केले आहे. प्रशिक्षणाशिवाय मात्र गोट्यांना हात लावू नये.

अबोली
फलकावर ‘संकटातूनच माणूस घडतो’ लिहावे का?

रातांबा
नको, अबोली. टेडेस्की आणि कॅल्हून यांनी आघातानंतरच्या वाढीचा अभ्यास केला. नाती घट्ट होणे, नव्या वाटा दिसणे, आपले बळ कळणे, श्रद्धा खोल होणे, आयुष्याची किंमत वाटणे, अशी पाच अंगे त्यांनी सांगितली. पण ही वाढ त्रासासोबत नांदते, त्रास संपला असा तिचा अर्थ नाही. ती मागे वळून बघताना माणसाला स्वतःला दिसते. दुसऱ्याने फलकावर लिहिली की ज्याला ती दिसत नाही तो आणखी एकटा पडतो. नुसते ‘पावसाळ्याआधीची तयारी : घराची आणि मनाची’ लिहा.

खाडीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मंडळात बोलणे झाले. पहिला दिवस उधाण यांनी सांगितलेली तयारी, पाळी आणि खांबावरची खूण. दुसऱ्या दिवशी सुरंगीताईंचे सराव, दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, त्यात ध्यानाची बैठक दोन-तीन मिनिटेच. तिसरा दिवस काढून टाकला. त्याऐवजी जून-जुलैत दर रविवारी एक तास. अनुभवकथन नाही. आता एवढेच सांगा, पुढच्या उपचाराची गरज कोणाला आहे हे कसे ओळखायचे, आणि पाठवायचे कुठे?

केवडा
पाच प्रश्नांची एक छोटी चाळणी प्रचलित आहे. गेल्या महिन्यात नको असताना आठवणी किंवा दुःस्वप्ने आली का, त्या विषयापासून मन किंवा पाऊल टाळले का, सतत सावध आणि दचकलेले राहिलात का, माणसांपासून तुटल्यासारखे वाटले का, स्वतःला किंवा इतरांना दोष देणे थांबवता आले नाही का. तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर तज्ज्ञाकडे. हे निदान नव्हे, कोणाला पाठवायचे ते कळते. जीव नकोसा वाटतो का हेही स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्या दिवशी त्याला एकटे सोडू नका.

टेलि-मानस, १४४१६: ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय. भेटीआधी ईएमडीआर किंवा आघात-केंद्रित उपचाराचे प्रशिक्षण घेतलेले कोणी आहे का, ते फोनवरच विचारून घ्या.

गलबत
चाळणीचे प्रश्न रांगेत बसवून विचारू नका. बाजूच्या खोलीत, एकेकाला, आणि त्याच्या नात्यातला स्वयंसेवक नको. ‘रत्नागिरीला पाठवले’ एवढे शब्द वाडीत फुटले तरी माणूस पुन्हा येणार नाही. उत्तरांचे कागद मंडळाच्या कपाटात ठेवू नका, ज्याचे त्याला देऊन टाका.